नीलला संसार नेताना आधी हात मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या एका ताईंच्या यजमानांना अंदमानातल्या नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपवर, रिसॉर्टची व्यवस्था बघायचं काम मिळालंय. करार दोन वर्षांचा आहे, पुढे वाढूही शकतो. घरात पहिलीतली मुलगी, बहात्तर वर्षांच्या सासूबाई आणि टू-बीएचके भरून सामान. तिकडे राहायला रिकामं घर मिळणार आहे. एका पॅकर्सवाल्याने सांगितलंय, ‘सगळंच नेऊ, दहा दिवसांत पोच.’ ताई विचारतात, खरंच सगळं न्यावं का? आणि सासऱ्यांनी करून घेतलेल्या सागवानी झोपाळ्याचं काय करायचं?

ताई, दहा दिवसांत तुमचं सामान चेन्नईच्या गोदामात पोचेल. नीलला नाही.

मी नाशिकच्या द्वारका चौकाजवळ १९९९पासून घरसामान हलवायचं काम करतो. अंदमानात पाठवलेली घरं बारा-तेराच असतील, पण त्यातलं एक माझं स्वतःचं होतं. मित्राच्या गेस्ट हाउसचं बांधकाम बघायला मी बायको-मुलासह २०१३ ते २०१६ नीलवर राहिलो. त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यातलं निम्मं दुसऱ्यांच्या सामानाकडून शिकलेलं आहे आणि निम्मं माझ्याच चुकांतून.

आमच्या धंद्यात नवीन पोराला मी पहिली गोष्ट शिकवतो ती ‘हात मोजायची’. एक वस्तू एकदा उचलून एकदा ठेवली की एक हात. नाशिकहून पुण्याला घर हलवलं तर दोन हात होतात: घरातून गाडीत, गाडीतून घरात. आता नीलचे मोजा. घरातून टेम्पोत, टेम्पोतून हुंडेकऱ्याच्या (ट्रकने माल पाठवणाऱ्याच्या) गोदामात, गोदामातून मोठ्या ट्रकमध्ये. पुणे-बेंगळुरूमार्गे साधारण १४०० किलोमीटर गेल्यावर चेन्नईत ट्रकमधून गोदामात, तिथून कंटेनरमध्ये. मग समुद्रातले सुमारे १२०० किलोमीटर. पोर्ट ब्लेअरला (आता त्याचं नाव श्री विजयपुरम आहे, पण हुंडेकऱ्यांच्या कागदावर अजून दोन्ही नावं दिसतात) हॅडोच्या धक्क्यावर कंटेनर उघडतो आणि माल पुन्हा ट्रकमध्ये चढतो. ट्रकमधून बेटांच्या बोटींच्या धक्क्यावर, धक्क्यावरून बोटीत, नीलला भरतपूर जेट्टीवर बोटीतून बाहेर, जेट्टीवरून पिकअपमध्ये, पिकअपमधून घरात. अकरा हात झाले. यातले पहिले तीन माझ्या माणसांचे, बाकी आठ ज्यांना तुम्ही कधी बघणार नाही अशा माणसांचे. त्यातले निदान दोन भर पावसात लागतील असं गृहीत धरा.

म्हणून वस्तू महाग की स्वस्त हे नंतर बघायचं. आधी विचारायचं, ही अकरा हात सोसेल का? आणि सोसलीच तर पुढे तिकडच्या हवेत दोन वर्षं टिकेल का? दोन्हीला ‘हो’ आलं तरच तिला पेटी लावायची. या हिशेबाने आमच्या घरातल्या दीडेकशे नगांतले शेवटी ३८ नग गेले. त्यातलेही चार फुकट गेले.

त्या चारातला पहिला नग म्हणजे आमचं कपाट. बुरादा दाबून केलेल्या बोर्डाचं, वरून सागवानी दिसणारं, तीन दारांचं. बायको नको म्हणत होती, मी मात्र हट्टाने सुटं करून नेलं. नाशिकमध्ये बारा वर्षं त्याला काही झालं नव्हतं. नीलला मेमध्ये पाऊस लागला, जुलैत खालच्या फळ्या पावासारख्या फुगल्या, ऑगस्टमध्ये बिजागऱ्या स्क्रूसकट बाहेर आल्या. अंदमानात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तुम्ही म्हणाल, इगतपुरीलाही तेवढा पडतो. पडतो, पण इगतपुरीचा पाऊस सप्टेंबरनंतर घरी जातो. अंदमानात नैर्ऋत्य मोसमी संपला की ईशान्य मोसमी येतो, म्हणजे मे ते डिसेंबर भिंतींना सुकायला उसंतच नाही. त्यात हवेत मीठ. बोर्डाचं फर्निचर, प्लायचे बेड, फोमचा सोफा, लोखंडी कपाट यांना इथेच निरोप द्या. लोखंडी कपाटाचा मोह फार होतो, मजबूत वाटतं म्हणून. पण ते अकरा वेळा उचलताना कुठेतरी रंग खरवडणारच, आणि जिथे खरवडला तिथून मीठ आत शिरतं. वर्षभरात आतल्या पांढऱ्या कपड्यांवर गंजाचे डाग दिसायला लागतात.

खाट, टेबल, मांडणी तिथे सुताराकडून करून घ्या, नाहीतर बदली होऊन परतणाऱ्या कुणाकडून घ्या. बेटावर अशी देवघेव सतत चालू असते, कारण कुणीच सामान परत न्यायला राजी नसतो.

फ्रिज आणि वॉशिंग मशीन नाशिकमध्ये विका आणि पोर्ट ब्लेअरला नवीन घ्या. नव्या फ्रिजला सहाच हात लागतात, शिवाय वॉरंटीचा माणूस निदान त्याच समुद्रात राहतो. टीव्हीचंही तेच. कुणी म्हणेल जुना चांगला चालतोय, का टाकायचा? टाकू नका, भावाला द्या. गॅसचं कनेक्शन इथे जमा करून टर्मिनेशनचं व्हाउचर घ्या, डिपॉझिट परत मिळेल. सिलिंडर, रॉकेल, इन्व्हर्टरची बॅटरी, रंगाचे डबे, फटाके यातलं काहीही सामानात लपवून देऊ नका. असं एक खोकं सापडलं की सगळा कंटेनर थांबतो, आणि त्यात तुमच्याबरोबर दुसऱ्या दहा जणांचा माल असतो.

काय न्यायचं ते आता ऐका. स्टीलची भांडी, कुकर (दोन जादा रिंगा आणि शिट्ट्यांसह, त्या तिथे तुमच्या मापाच्या मिळतीलच असं नाही), मिक्सर, पोळपाट-लाटणं, किसणी, पुरणयंत्र. नऊवारी असो की टी-शर्ट, कपडे सुती. चांगले स्क्रू-ड्रायव्हर, पाने, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि खिळे, प्लास्टिकची दोरी, टॉर्च, चार्जिंगचे दिवे, स्टॅबिलायझर. मच्छरदाण्या प्रत्येक खाटेला एक आणि वर एक जादा. घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे जेवढे मावतील तेवढे. मुलीची पुस्तकं आणि खेळणी, त्यात हात आखडता घेऊ नका. मोठ्यांना नवं घर म्हणजे काम, पोरांना ते घर वाटायला ओळखीच्या चार वस्तू लागतात. आमच्या मुलाने पत्र्याचा एक मोडका ट्रक नेला होता, तीन वर्षं तो रोज रात्री खिडकीत लावून ठेवायचा.

पैठण्या बँकेच्या लॉकरमध्येही नाही आणि नीलला तर मुळीच नाही. बहिणीच्या कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी घडी मोडायला सांगा. बायकोने भावाच्या लग्नातली एक नेली होती. पहिल्याच पावसाळ्यात जर काळवंडली, ती पुढे येवल्याच्या विणकरालाही पूर्ववत करता आली नाही. तांब्या-पितळेची भांडी पूजेपुरती घ्या, बाकीची राहू द्या. चिंच लावून लावून हात दुखतील.

आता बांधणीचं. हा माझा आवडता विषय, तेव्हा जरा सोसा.

नाशिककरांना एक फायदा आहे जो मुंबईकरांना नाही: आपल्याकडे द्राक्षं आहेत. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांसाठी पिंपळगाव-ओझरकडे जी पाच पदरी खोकी बनतात ती शीतगृहाच्या ओलसर हवेत एकावर एक रचूनही बसू नयेत अशी केलेली असतात. किराणा दुकानातलं तीन पदरी खोकं चेन्नईच्या दमट गोदामात आठवड्याभरात लोळागोळा होतं. म्हणून खोकी पाच पदरी आणि कोरी घ्या. फेब्रुवारी ते एप्रिल हंगामात ती मिळत नाहीत किंवा भाव चढतो, तेव्हा डिसेंबरच्या आधीच घेऊन ठेवा. वापरलेली द्राक्षाची खोकी फुकट मिळाली तरी नको, फुटलेल्या मण्यांचा रस पुठ्ठ्यात मुरलेला असतो. बेटावरच्या मुंग्यांना त्याचं आमंत्रण लागत नाही.

द्राक्षांवरून आठवलं. निफाडकडच्या एका बागायतदार घराचं सामान मी पाठवलं होतं. घरातल्या हुशार माणसाने मला न विचारता प्रत्येक खोक्यात द्राक्षाच्या पेटीत घालतात ते कागद टाकले. द्राक्षाला बुरशी लागत नाही तर कपड्यांना कशी लागेल, असा त्याचा विचार. त्या कागदातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. ओलाव्याबरोबर त्याने रंगीत साड्यांवर फिकट पट्टे पाडले, आणि देवाची पितळी भांडी अशी काळी केली की बाई रडायला लागल्या. ओल शोषायला सिलिका जेलच्या पुड्या घ्या. तिथे पोचल्यावर त्या तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरता येतात. कापूर, सुकवलेली कडुलिंबाची पानं चालतात. ते द्राक्षाचे कागद द्राक्षालाच राहू द्या.

एका खोक्याचं वजन वीस किलोच्या आत. हा नियम मी कुणासाठी मोडत नाही. जे खोकं एक माणूस न चिडता उचलू शकतो ते तो ठेवतो. जे त्याला जड जातं ते तो टाकतो. पुस्तकांनी खोकं अर्धं भरा, वर कपडे. भांडी वर्तमानपत्रात नको, टॉवेल-चादरीत गुंडाळा. तेवढे कपडे वेगळी जागा न घेता जातात आणि शाई लागत नाही. कापडी प्रत्येक गोष्ट आधी जाड प्लास्टिक पिशवीत, मग खोक्यात. बांधायच्या आधी सगळं दोन दिवस उन्हात. इथली ओल आत बंद केली तर ती दीड महिना आतच शिजते. पत्र्याच्या एक-दोन जुन्या ट्रंका असतील तर त्यात चिनीमाती आणि मिक्सर घाला, ट्रंक बाहेरून गंजेल, गंजू दे. प्रत्येक नगावर चार बाजूंनी नंबर, नाव आणि ‘शहीद द्वीप (नील)’ असं लिहा, हिंदी आणि इंग्रजीत, पुसला न जाणाऱ्या मार्करने. ‘नाजूक’ लिहून काही होत नाही. बाणाने वरची बाजू दाखवा, तेवढं मात्र हमाल पाळतात.

भाव विचारताना पॅकर्सवाल्याला एकच प्रश्न करा: ‘डोअर टू डोअर म्हणता ते दुसरं दार कुठलं?’ बहुतेकांचं दुसरं दार चेन्नईच्या बंदराचं असतं, थोड्यांचं पोर्ट ब्लेअरचं. म्हणून दर तीन तुकड्यांत लिहून घ्या. नाशिक ते चेन्नई, चेन्नई ते पोर्ट ब्लेअर, पोर्ट ब्लेअर ते नीलच्या घराचा उंबरा. प्रत्येक तुकड्यात वाराई (हमाली) कुणाची, गोदामभाडं किती दिवस फुकट आणि पुढे कोण भरणार, हेही. दुसऱ्यांना नावं ठेवायचा हक्क मला नाही. २००६मध्ये नीलशेजारच्या हॅवलॉक बेटाच्या पहिल्याच कामात मी स्वतः शेवटच्या तुकड्याची चौकशी न करता एकरकमी भाव दिला. माल तेरा दिवस धक्क्यावर ताडपत्रीखाली पडून राहिला, बोटीत जागा मिळेना. ते सगळं भाडं मी खिशातून भरलं आणि त्या गृहस्थांच्या गाद्या नव्या घेऊन दिल्या. तेव्हापासून पोर्ट ब्लेअरला ओळखीचा माणूस ठरवल्याशिवाय मी इथे टेम्पोच लावत नाही. पर्यटकांच्या वेगवान बोटी तुमच्या हातातल्या बॅगांपुरत्या आहेत, घरसामान सरकारी किंवा मालवाहू बोटीनेच जातं आणि तिला हवामान मानवलं तरच ती सुटते.

माझ्या कामांत नाशिक ते नील सर्वांत लवकर २४ दिवसांत पोचलं आणि सर्वांत उशिरा ७१. तुम्ही दीड महिना धरा.

विमा स्वतंत्र काढा, त्यात समुद्रप्रवास लिहिलेला असू द्या आणि पॉलिसी तुमच्या नावावर. पॅकर्सवाला बिलात ‘रिस्क’ म्हणून जी रक्कम लावतो तो विमा नव्हे. नगवार यादी किमतीसह करा, बांधायच्या आधी फोटो काढा, बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) नगांची संख्या स्वतः मोजून सही करा. घर सोडताना बिल्टी, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, औषधांच्या चिठ्ठ्या, दागिने आणि चाव्या हातातल्या पिशवीत. हे सांगायला नको, तरी दर वर्षी एक तरी माणूस दाखला खोक्यात बांधून मोकळा होतो.

स्कूटर न्यायची का, असं तुम्ही विचारलं नाही, पण यजमान विचारतील. टाकी रिकामी करून नेता येते. बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर तिकडचा नंबर घ्यावा लागतो आणि त्यासाठी पेठ रोडच्या आरटीओतून ना-हरकत लागते. माझं मत, एमएच-१५ इथेच विका. नीलला टोकापासून टोकापर्यंत सायकलने तासभरही लागत नाही, आणि जुन्या स्कूटर तिथे मिळतात. सायकल असो की स्कूटर, दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा आणि सायकलच्या साखळीला ग्रीस लावा.

कधी निघायचं? जानेवारी ते एप्रिल कोरडे महिने. माल डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या सुरुवातीला नाशिकहून निघू दे. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा, तेव्हा चेन्नईतही पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळंही. आम्ही परतल्यावर काही महिन्यांनीच, डिसेंबर २०१६मध्ये, वादळी हवेने नील-हॅवलॉकवर शेकडो पर्यटक अडकले आणि नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. माणसांची ही गत, मग खोक्यांना कोण विचारतो? यजमानांनी आधी जावं, घर बघावं, माल उतरवून घ्यावा. तुम्ही आणि मुलगी मार्चअखेरीस, सासूबाईंचं पुढे सांगतो. सीबीएसईचं नवं वर्ष एप्रिलला सुरू होतं तेही जुळतं. शाळेत मुलीला मराठी मिळणार नाही, बालभारतीची दोन-तीन पुस्तकं सोबत ठेवा.

घर बघताना यजमानांनी नळ, छप्पर आणि पाण्याची टाकी या तीन गोष्टी बघाव्यात, फरशीचा रंग नाही. तिथे मार्च-एप्रिलमध्ये पाण्याची ओढ लागते. पुढे आठ महिने पाणी अंगावर कोसळणार, आणि तरीही त्या दोन महिन्यांत बादल्या मोजायच्या, हे नाशिककराला पटत नाही. आपल्याला गंगापूर धरणाची सवय. टाकी मोठी असावी, पन्हाळीचं पाणी साठवायची सोय असावी, विहीर जवळ असावी. घर जमिनीपासून दोन पायऱ्या तरी वर असावं. किनाऱ्याला चिकटून नको, कितीही सुंदर दिसलं तरी. २००४ची सुनामी तिथल्या लोकांच्या बोलण्यात अजून येते, आणि सगळा अंदमान भूकंपाच्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात आहे. जाड भिंतींपेक्षा हलकं छप्पर बरं. वीज मुख्यतः डिझेलच्या जनरेटरवर आहे, ती जाते आणि येताना जोरात येते, म्हणून वर स्टॅबिलायझर लिहिला. इंटरनेट आमच्या वेळी उपग्रहावरून यायचं, एक फोटो पाठवायला चहा व्हायचा. ऑगस्ट २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल सुरू झाली, तेव्हापासून तेवढा जाच राहिलेला नाही.

पहिल्या रात्रीची पेटी वेगळी बांधा आणि ती मालात नको, विमानात तुमच्याबरोबर. मच्छरदाणी, दोन चादरी, टॉर्च, चाकू, एक पातेलं, चहा-साखर, मेतकूट, तांदूळ किलोभर, काडेपेटी तिथे घ्यायची. मेतकूट-भात खाऊन पहिली रात्र काढली की दुसऱ्या दिवशी माणूस भांडत नाही.

खाण्याचं म्हणाल तर भाजीपाल्याची चिंता नको. अंदमानची बरीच भाजी नीलवर पिकते, पोर्ट ब्लेअरच्या बाजारातही ती जाते. मासे, नारळ, केळी, पपई भरपूर. जे बोटीने येतं, म्हणजे डाळी, गव्हाचं पीठ, कांदा, गॅस, ते बोट बंद पडली की संपतं. म्हणून घरात नेहमी पंधरा दिवसांचं ठेवा. बाजरी आणि नागली तिथे धरून चालू नका, सासूबाईंना लागत असेल तर इथून न्या, पण एका वेळी दोन महिन्यांची. जास्त नेलीत तर किडे आणि तुम्ही वाटून खाल. काळा मसाला डब्यात, डबा पिशवीत, पिशवी दुसऱ्या डब्यात. पापड-कुरडया मऊ पडतात, तळायच्या आधी तव्यावर शेकून घ्या.

घड्याळ तेच, पण सूर्य वेगळा. नाशिकपेक्षा नील एकोणीस रेखांश पूर्वेला आहे, म्हणजे सव्वा तासाचा फरक. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पहिले पंधरा दिवस आम्ही साडेआठला जेवायला बसायचो आणि बाहेर सगळं गाव झोपलेलं. मग शहाणे झालो, पहाटे पाचला उठायला लागलो. बाजाराची कामं सकाळी उरकायची, दुपारी दुकानं मिटतात.

शेजारी बहुतेक बंगाली असतील. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारने तिथे वसवलं, त्यांची ही तिसरी-चौथी पिढी. सगळ्यांना हिंदी येतं. आपल्यासारखं ‘काकू’ म्हणायच्या जागी ‘मासी’ म्हणा, दार उघडतं. गावांची नावं ऐकाल तर हसाल: सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. माझ्या आईला मी सांगितलं, पंचवटीतून निघून सीतापूरला राहायला जातोय. ती म्हणाली, ‘म्हणजे वनवासच ना रे?’ इथल्या माणसाला अंदमान म्हटलं की सावरकरांचं भगूर आणि काळं पाणीच आठवतं, त्याला इलाज नाही. सासूबाईंना तुळशीचं रोप न्यायचं असेल तर नको म्हणा, मातीबरोबर कीडही जाते. बंगाली घरांच्या अंगणात तुळशीचा ओटा असतोच, शेजारून रोप मागा. तीच पहिली ओळख होईल.

किड्यांचं खरं तेच सांगतो. किनाऱ्यावरची वाळूमाशी चावते, दोन-तीन दिवस खाज राहते. खाजवू नका, जखमा चिघळतात. गोम आपल्याकडच्या गोमेपेक्षा बरीच मोठी असते आणि चप्पल-बुटांत बसते, घालायच्या आधी झटका. मुलीला ही सवय पहिल्या दिवसापासून. मगरीची पाटी दिसेल तिथे पाण्यात पाय घालायचा नाही, मग स्थानिक पोरं पोहत असली तरी. आणि किनाऱ्यावरचे शंख, प्रवाळ घरात गोळा करू देऊ नका, ते बेटाबाहेर नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात आणि मुलगी रडते.

सासूबाईंबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत रुग्णालय. मध्ये समुद्र, आणि सरकारी बोटीला दोन तास. हेलिकॉप्टर आहे, पण त्यातल्या जागा मोजक्या. हृदयाचा किंवा डायलिसिसचा त्रास असेल तर त्यांना नेऊ नका. नुसता बीपी, गुडघे असतील तर तीन महिन्यांची औषधं घेऊन न्या, पण पहिल्या पावसाळ्यानंतर, जानेवारीत. तोवर त्या लेकीकडे राहतील तर तुमचंही घर लागेल.

आता झोपाळा. सागवानी पाट म्हणजे तीस-पस्तीस किलो, दोन माणसांचा नग, अकरा हात. लाकडाला तिकडची हवा सोसेल, सागाचं काही बिघडत नाही. बिघडेल ते कोपऱ्यांचं, आणि कुठल्या तरी धक्क्यावर कुणीतरी त्यावर पेट्या रचेल. पाट नाशिकमध्येच लेकीकडे टांगा, सासूबाई तोवर तिथेच असतील. पितळी कड्या आणि साखळ्या मात्र न्या, मिक्सरच्या ट्रंकेत तळाशी बसतील. पाटाची लांबी-रुंदी, जाडी आणि चारी भोकांमधलं अंतर आजच एका कागदावर उतरवून घ्या, भोकांचा व्यासही. नीलला सुताराला तो कागद द्या, तो पडौकचा, म्हणजे तिकडच्या लाकडाचा, पाट करून देईल. लालसर, जड, सागाला लाजवेल असा. परत येताना तो तिथेच कुणाला तरी देऊन या, कारण बेटांवरून लाकूड बाहेर न्यायला वनखात्याची परवानगी लागते. आणि कड्या टांगायच्या आधी तुळईत स्टेनलेस स्टीलचे हूक बसवा. साधे लोखंडी घातलेत तर दुसऱ्या पावसाळ्यात सासूबाई खाली येतील.